गल्ल्यापलीकडची भाषा : क्वेबेकच्या गिऱ्हाइकांचा इतिहास

भाषेच्या हक्कांची चर्चा सुरू झाली की आपल्याकडे ती बहुधा तीन ठिकाणी जाऊन थांबते : शाळा, न्यायालय आणि दुकानाची पाटी. दुकानाच्या गल्ल्यावर, तिकिटाच्या खिडकीवर किंवा रुग्णालयात केसपेपर काढताना काय घडते, याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक सामान्य माणसाची परक्या भाषेशी रोजची गाठ तेथेच पडते. मुलाला शाळेत एकदाच घालायचे असते आणि कोर्टाची पायरी तर शहाण्याने चढूच नये असे आपण म्हणतो. पण पैसे काढणे, तिकीट घेणे, औषध मागणे कोणालाच चुकत नाही. गल्ल्यापलीकडे बसलेल्या माणसाला आपली भाषा येत नसेल तर हात कोणी जोडायचे, शब्द कोणी शोधायचे, आणि शेवटी लाज कोणाला वाटायची, याचा निवाडा त्या दोन मिनिटांत होऊन जातो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

या प्रश्नाची नोंद जेथे सविस्तर झाली, आणि जेथे तो सरतेशेवटी कायद्याच्या कलमांत उतरला, असा एक प्रांत म्हणजे कॅनडातील क्वेबेक. भाषिक चळवळीत वावरणाऱ्यांना तेथील १०१ क्रमांकाचा कायदा नावाने तरी ठाऊक असतो. त्याचा दाखला देणारे बहुतेक जण पाट्यांच्या कलमापाशी थांबतात. त्या कायद्याचे मर्म वेगळ्याच कलमांत आहे असे आमचे मत आहे आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७५९ साली क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर फ्रेंच सैन्याचा पराभव झाला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. मागे राहिलेल्या साठ-सत्तर हजार फ्रेंचभाषकांची शेती त्यांच्याकडेच राहिली, आणि त्यांचा धर्म व दिवाणी कायदा १७७४ च्या कायद्याने मान्य झाला. व्यापार मात्र हातचा गेला. मॉन्ट्रियलमध्ये इंग्रज आणि स्कॉटिश व्यापारी येऊन बसले. फरची नि लाकडाची निर्यात, जहाजे, पुढे रेल्वे आणि विमा हे सारे त्यांच्या पेढ्यांतून चालू लागले. १८१७ साली स्थापन झालेली बँक ऑफ मॉन्ट्रियल ही त्यांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काही दशके खुद्द मॉन्ट्रियल शहरात इंग्रजीभाषक बहुसंख्य होते. नंतर खेड्यांतून फ्रेंच कुटुंबे गिरण्यांसाठी शहरात आली आणि संख्येचे पारडे पुन्हा फिरले. पण तिजोरीच्या किल्ल्या जागच्या हलल्या नाहीत. सेंट लॉरेन्स नावाचा एक लांबलचक रस्ता शहराची फाळणी करीत असे. पूर्वेला फ्रेंच कामगारांच्या वस्त्या, पश्चिमेला इंग्रजांची घरे, कचेऱ्या नि मोठी दुकाने.

या परिस्थितीत 'परका' कोण, हा प्रश्न सोपा नाही. गल्ल्यामागची विक्रेती तीन पिढ्यांपासून मॉन्ट्रियलमध्येच राहत असे. देश तिचाही होता. परकी होती ती भाषा, आणि तिचे परकेपण गिऱ्हाइकाला सोसावे लागे, तिला नव्हे.

१८६७ च्या कॅनडाच्या घटनेने दोन्ही भाषांना संसदेत, प्रांताच्या विधिमंडळात आणि तेथील न्यायालयांत जागा दिली. दुकान, रेल्वे, वीजकंपनी यांबद्दल घटना काहीच बोलत नव्हती. ती पोकळी भरून काढण्याचा पहिला प्रयत्न १९१० सालचा. आर्माँ लाव्हेर्न या तरुण आमदाराच्या आग्रहाने क्वेबेकच्या विधिमंडळाने एक छोटा कायदा केला : रेल्वे, तार, दूरध्वनी, वीज अशा लोकोपयोगी सेवा देणाऱ्या कंपन्यांनी तिकिटे, बिले, पावत्या आणि सूचना फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापाव्यात. आज ही मागणी किती साधी वाटते! पण त्यासाठी आधी संघराज्याच्या संसदेत प्रयत्न फसले होते, तरुणांच्या संघटनेने गावोगाव सह्या गोळा केल्या होत्या, आणि कंपन्यांनी 'छपाईचा खर्च वाढेल' हे आपल्या ओळखीचे कारण पुढे केले होते.

हा कायदा कागदापुरता होता, आणि हे आम्ही शब्दशः म्हणतो. तिकीट दोन भाषांचे झाले. तिकीट देणारा एकाच भाषेचा राहिला. पुढच्या पन्नास वर्षांतल्या सवलती याच जातीच्या निघाल्या. टपाल तिकिटांवर दोन भाषा १९२७ मध्ये आल्या. कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने १९३५ साली आपल्या पहिल्या नोटा इंग्रजी व फ्रेंच अशा वेगवेगळ्या काढल्या, आणि दोन्ही भाषा एकाच नोटेवर १९३७ मध्ये आणल्या. छापील शब्द हळूहळू फ्रेंच बोलू लागला, माणूस बोलेना.

याचे सर्वांत बोलके स्थळ म्हणजे सेंट कॅथरीन रस्त्यावरील ईटनचे भव्य दुकान. टोरांटोच्या या व्यापारी घराण्याने १९२५ मध्ये मॉन्ट्रियलमधील एक जुने दुकान विकत घेऊन तेथे आपला कारभार मांडला. पूर्वेकडच्या वस्त्यांतील बायका ट्रामने तेथे खरेदीला जात. कापडाच्या विभागात उभ्या असलेल्या, फ्रेंच न बोलणाऱ्या इंग्रज बाईची आठवण त्या पिढीच्या मनात एवढी ठसली की 'ईटनमधली ती जाडजूड इंग्रज बाई' हा तेथे वाक्प्रचारच होऊन बसला. फ्रेंच बोलणाऱ्याला 'गोऱ्यांची भाषा बोल' असे झिडकारले जाई, याच्याही आठवणी सांगितल्या जातात, आणि १९६८ साली मिशेल लालोंद या कवयित्रीने तोच टोमणा आपल्या कवितेचे शीर्षक म्हणून उचलला. बिचाऱ्या विक्रेतीवर मात्र या वाक्प्रचाराने थोडा अन्यायच केला असे आम्हांला वाटते. तिचा पगार तुटपुंजा, दिवसभर पायांवर उभे राहायचे, आणि फ्रेंच शिकून तिच्या पदरात काहीच पडणार नव्हते. तिच्या वरचा विभागप्रमुख इंग्रजी बोले, हिशेबाच्या वह्या इंग्रजीत, माल टोरांटोहून मागवायचा तोही इंग्रजीत.

येथे एक शंका सहज येते. गिऱ्हाइकांपैकी एवढे लोक फ्रेंच असताना बाजारानेच हा प्रश्न का सोडवला नाही? गिऱ्हाईक हा राजा असेल तर राजाची भाषा नोकराला यायला नको? बाजारावर विसंबणारे आजही हाच युक्तिवाद करतात. पण गल्ल्यावरचा व्यवहार कसा घडतो ते पाहावे. गिऱ्हाईक बोटाने वस्तू दाखवते, पाठ केलेले चार इंग्रजी शब्द बोलते, किंवा इंग्रजी येणाऱ्या मुलीला बरोबर नेते. खरेदी होते आणि पैसे गल्ल्यात पडतात. मालकाच्या वहीत ही विक्री इतर कोणत्याही विक्रीसारखीच दिसते. विचारायचे राहून गेलेले प्रश्न, न समजलेली अट, परत करायची राहिलेली वस्तू, ओशाळलेला चेहरा यांसाठी वहीत रकाना नसतो. गिऱ्हाईक जितके समंजस, तितका मालक निर्धास्त. तक्रार न करण्याची सवय हीच त्या व्यवस्थेची खरी पायाभरणी होती, आणि ही सवय कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

या काळात एक निराळी वाटही चोखाळली गेली. ओटावाच्या संसदेत फ्रेंच भाषणांचे लघुलेखन करणाऱ्या आल्फोंस देजार्दँ या गृहस्थाने १९०० च्या डिसेंबरात लेव्ही या गावी एक सहकारी पतपेढी स्थापन केली. गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवणे हा त्याचा हेतू. पण तिचे एक फळ असे की शेतकऱ्याला आपल्या भाषेत बोलणारी एक खिडकी मिळाली. चर्चच्या आवारातून, धर्मगुरूंच्या मदतीने या पतपेढ्या गावोगाव पसरल्या आणि आज तो समूह उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सहकारी वित्तसंस्थांपैकी एक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पतसंस्थांत ज्यांची खाती आहेत त्यांना या खिडकीचे मोल वेगळे सांगायला नको. स्वतःची खिडकी उभारता येते तेथे ती उभारावीच. पण रेल्वे, वीज आणि रुग्णालय स्वतःचे काढता येत नाही.

वीज मात्र क्वेबेकने काढली, आणि कथेला वळण तेथे मिळाले. १९६२ च्या निवडणुकीत झाँ लेसाज यांच्या उदारमतवादी पक्षाने 'आपल्या घरात आपणच धनी' अशा आशयाची घोषणा देऊन खाजगी वीजकंपन्या ताब्यात घेण्याचा कौल मागितला. हा प्रस्ताव रेटणारे मंत्री होते रने लेवेक. १९६३ मध्ये अकरा कंपन्या हायड्रो-क्वेबेक या सरकारी मंडळात विलीन झाल्या. तोवर या कंपन्यांत वरच्या पायऱ्यांवर इंग्रजीच चालत असे. आता अभियंत्यांचे नकाशे, निविदा, धरणावरचे हुकूम फ्रेंचमध्ये निघू लागले. मानिकुआगाँ नदीवरचे प्रचंड धरण फ्रेंच बोलणाऱ्या अभियंत्यांनी आपल्या भाषेत बांधले. 'तंत्रज्ञान आमच्या भाषेत चालत नाही' हे वाक्य त्यानंतर त्या प्रांतात उच्चारणे अवघड झाले. आणि वरच्या मजल्यावर फ्रेंच आली तेव्हा खालच्या खिडकीवरही ती आपोआप आली. त्यासाठी वेगळे आंदोलन लागले नाही.

त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात याची उलट बाजूही दिसली. सरकारी मालकीच्या कॅनेडियन नॅशनल रेल्वेचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना संसदीय समितीत विचारले गेले की आपल्या सतरा उपाध्यक्षांत एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. बढत्या गुणवत्तेवर होतात, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मॉन्ट्रियलमध्ये विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा जाळला. पुढल्या वर्षी नेमलेल्या द्विभाषा व द्विसंस्कृती आयोगाने जे आकडे मांडले त्यांनी 'गुणवत्ते'वरचा पडदा दूर केला. १९६१ च्या जनगणनेनुसार क्वेबेकमधील चौदा वांशिक गटांत पुरुषांच्या उत्पन्नाच्या बाबतीत फ्रेंच कॅनेडियनांचा क्रमांक बारावा होता, आणि तोही त्यांच्याच प्रांतात, जेथे ते पाचांत चार होते. त्याहून बोचरी गोष्ट अशी की केवळ इंग्रजी जाणणाऱ्या इंग्रजाचे सरासरी उत्पन्न दोन्ही भाषा जाणणाऱ्या फ्रेंचापेक्षा जास्त होते. इंग्रजी शिकून घ्या म्हणजे प्रश्न मिटेल, या उपदेशाला यापेक्षा चोख उत्तर नसावे.

१९७४ मध्ये फ्रेंच ही प्रांताची एकमेव राजभाषा झाली. १९७६ च्या निवडणुकीत रने लेवेक यांचा नवा पक्ष सत्तेवर आला आणि २६ ऑगस्ट १९७७ रोजी फ्रेंच भाषेची सनद, म्हणजेच १०१ क्रमांकाचा कायदा, संमत झाला. तिचे शिल्पकार कामिय लोराँ हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. स्वतःच्या दुकानात स्वतःच्या भाषेत मागणी करायला कचरणाऱ्या समाजाला कायद्याची गरज औषधासारखी आहे, असा विचार करणारा मंत्री वैद्यकातून यावा हे साजेसेच होते.

सनदेच्या आरंभी मूलभूत भाषिक हक्क सांगितले आहेत. पाचवे कलम म्हणते की वस्तू व सेवांच्या ग्राहकांना फ्रेंचमध्ये माहिती मिळण्याचा आणि फ्रेंचमध्ये सेवा मिळण्याचा हक्क आहे. आमच्या वाचकांनी त्याच्या लगतचे चौथे कलमही पाहावे : कामगारांना आपले काम फ्रेंचमध्ये करण्याचा हक्क आहे. ही दोन कलमे शेजारी ठेवण्यात त्या कायद्याचे शहाणपण आहे. केवळ फ्रेंच येते म्हणून कोणाला कामावरून काढता येणार नाही. कामाच्या स्वरूपामुळे गरज असल्याखेरीज मालकाला अन्य भाषेची अट घालता येणार नाही. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक उद्योगाने आपला कारभार फ्रेंचमध्ये चालतो असे प्रमाणपत्र मिळवले पाहिजे, अशी मूळ सनदेची अट होती. दंड विक्रेतीला नाही, मालकाला. फ्रेंच शिकून काय मिळणार, या तिच्या प्रश्नाला प्रथमच उत्तर मिळाले : नोकरी आणि बढती. नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांची मुले फ्रेंच शाळांत जाऊ लागल्याने पुढच्या पिढीच्या गल्ल्यावर बसणारी इटालियन, पोर्तुगीज किंवा व्हिएतनामी तरुणी फ्रेंच बोलणारीच निघाली.

या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ च्या जानेवारीत आपले मुख्यालय टोरांटोला नेण्याचे जाहीर केले. तिच्या मागोमाग आणि तिच्या आधीही बरीच इंग्रज कुटुंबे प्रांत सोडून गेली. पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात हे कलम १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, आणि पाच वर्षांच्या ओढाताणीनंतर १९९३ मध्ये फ्रेंच ठळक असेल तर इतर भाषाही चालतील अशी तडजोड झाली. कायद्याचे राखणदार अधूनमधून हास्यास्पदही ठरले : २०१३ मध्ये एका इटालियन उपाहारगृहाच्या पदार्थांच्या यादीत 'पास्ता' या शब्दावर हरकत घेतली गेली, जगभर थट्टा झाली आणि भाषा कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. पाट्यांचा वाद असा वृत्तपत्रांचे रकाने भरत राहिला. उत्पन्नातील दरी मात्र त्याच दोन दशकांत गाजावाजा न होता बरीचशी बुजली.

आता या कथेचा जो भाग सभांतून सांगितला जात नाही त्याकडे येऊ. १९७७ नंतर क्वेबेकमध्ये खिडकीच्या आत फ्रेंचभाषक बसला आणि बाहेर इंग्रज म्हातारी उभी राहिली. रुग्णालयात छातीत कळ कोठे येते हे परक्या भाषेत सांगण्याची पाळी आता तिच्यावर आली. क्वेबेकने याची दखल घेतली हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण. १९८६ च्या एका कायद्याने इंग्रजीभाषकांना आरोग्य आणि समाजसेवा आपल्या भाषेत मिळण्याचा हक्क दिला. उलट अगदी अलीकडे, २०२२ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने, नव्याने आलेल्या स्थलांतरिताशी सहा महिन्यांनंतर शासनाने, काही अपवाद वगळता, फ्रेंचमध्येच व्यवहार करावा असे ठरवले. सहा महिन्यांत नवी भाषा? पन्नाशीतला निर्वासित सहा महिन्यांत घरभाड्याचा अर्ज तरी परक्या भाषेत भरू शकेल काय? ईटनच्या गल्ल्यावर आपल्या आज्या ओशाळल्या हे विसरलेल्या नातवांनी हे कलम लिहिले असावे असे आम्हांला वाटते.

आमच्या सीमाभागासाठी हा इतिहास दुधारी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगावचा मराठीभाषक ज्या राज्यात आहे तेथे तो क्वेबेकमधील फ्रेंचासारखा बहुसंख्य नाही. त्याची जागा तेथील इंग्रजीभाषक म्हातारीच्या रांगेत आहे. १०१ च्या पाट्यांचे कलम आपण उचलून धरले तर २०२४ साली पाट्यांवर साठ टक्के कन्नडची सक्ती करणारा कर्नाटकाचा कायदाही त्याच कलमाचा आधार सांगेल, आणि त्याला उत्तर देणे आपल्याला जड जाईल. ग्राहकाच्या हक्काची आणि १९८६ च्या आरोग्यसेवेची कलमे मात्र आपली आहेत. आपल्या घटनेचे ३५० वे कलम गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याची मुभा देते, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक योजनेत पंधरा टक्के लोकसंख्येच्या भागात महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. ही १९१० च्या लाव्हेर्नच्या कायद्याच्या जातीची तरतूद झाली : कागदाची. बँकांच्या बाबतीत तर कागदही पुरता हाती येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अर्ज व फलक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत हवेत. व्यवहारात प्रादेशिक भाषा म्हणजे राज्याची भाषा असा अर्थ घेतला जातो आणि बेळगावातली मराठी तिन्हींच्या बाहेर राहते.

पुष्कळदा त्या बँकेच्या खिडकीमागचा कारकून दूरच्या प्रांतातून बदलून आलेला असतो आणि त्याला ना कन्नड येते ना मराठी. तेव्हा हुक्केरीचा कन्नड शेतकरी आणि खानापूरचा मराठी शेतकरी एकाच रांगेत, सारखेच गप्प उभे असतात. क्वेबेकचे चौथे आणि पाचवे कलम या दोघांच्याही कामाचे आहे.

१९८६ च्या त्या कायद्यात एक बारीक तरतूद आहे. कोणत्या संस्थेत कोणती सेवा इंग्रजीत मिळेल याचा आराखडा प्रत्येक विभागासाठी तयार करावा लागतो आणि त्याला शासनाची मान्यता घ्यावी लागते. असा आराखडा आपल्या तालुक्यांसाठी कोणी करून मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो आपण स्वतः करू शकतो. गाव, कार्यालय किंवा रुग्णालय, खिडकी, आणि तेथे मराठी समजणारा कर्मचारी आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत.